ईयोबाला शेवटी उत्तर काय मिळालं?

आज चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीची सभा होती. चहा झाला, हिशेब झाला, नव्या साउंड सिस्टिमवर पाऊण तास चर्चा झाली. मग एक काका उभे राहिले. एसटीतून रिटायर झालेले, सत्तरीच्या पुढचे. म्हणाले, "मुलांना संडे स्कूल आहे, पोरांना तरुण संघ आहे. आम्हा मोठ्यांसाठी आठवड्यातून एकदा बायबलचा शास्त्राभ्यास ठेवा. वाचतो रोज, पण कळत नाही." समोरून उत्तर आलं, "काका, आता या वयात कुठली परीक्षा द्यायचीय?" सगळे हसले. काका खाली बसले. विषय संपला.

मीही हसले. दुपारपासून तेच टोचतंय, म्हणून लिहितेय.

माझे पप्पा शेवटच्या आजारात नगरला दवाखान्यात होते. रात्रीचे दोन वाजले असतील. सलाईन संपत आलं म्हणून सिस्टरना बोलवायला उठले, तर पप्पांनी मनगट धरलं. "अगं, ईयोबाला देवानं शेवटी उत्तर काय दिलं?"

"सगळं दुप्पट दिलं, पप्पा. चौदा हजार मेंढरं, सहा हजार उंट." ईयोब म्हणजे बायबलमधला तो सज्जन माणूस, ज्याची मुलं, जनावरं, तब्येत सगळं जातं. लहानपणी क्विझमध्ये याच आकड्यांवर मला बक्षीस मिळालं होतं.

"ते मिळालं गं. पण उत्तर काय दिलं?"

"सकाळी सांगते," मी म्हणाले. सकाळी सांगितलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आठव्या दिवशी पप्पा प्रभूकडे गेले.

पंधराव्या वर्षी माझं दृढीकरण झालं, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याचा विधी. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, सगळं तोंडपाठ. त्यानंतर पस्तीस वर्षं मला कुणी काही शिकवलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. उपदेश मात्र शेकड्यांनी ऐकले. पण उपदेश चालू असताना कुणाला हात वर करता येतो?

ईयोबाचे अध्याय ४२. मुलांना आपण पहिले दोन शिकवतो आणि एकदम शेवटचा. मधले ३९ कुणी वाचायचे? त्यात तो माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, तेवढंच त्यांचं चांगलं. तोंड उघडलं की एकच, तुझंच काहीतरी चुकलं असेल! पप्पांच्या खाटेशी येऊन आपली माणसं काय वेगळं बोलत होती? "विश्वास कमी पडतोय, भाऊ." प्रार्थनेला आलेली माणसं हो ही! एकानं जरी ईयोब नीट वाचला असता तर हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नसतं.

पप्पा गेल्यावर मी ते पुस्तक सलग वाचलं, त्यांच्याच बायबलमधून. काळं कव्हर, पाठीला चिकटपट्टी, पानांत जुनी लाइटबिलं. ३८व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो, आणि उत्तर देतच नाही. उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? मला आधी रागच आला. आजारी माणसाला हे सांगायचं? मग ४२व्या अध्यायातल्या सातव्या वचनाशी आले. देव त्या मित्रांपैकी अलीफजाला म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे भांडणारा, विचारणारा ईयोब बरोबर! एवढं एक वचन मी पप्पांना वाचून दाखवू शकले असते. त्या रात्री ते बायबल तिथंच होतं, पाण्याच्या बाटलीशेजारी.

मान्य, लोक थकतात, ड्युट्या असतात, पाळकांच्या मागेही कामं ढीगभर. पण साउंड सिस्टिमला पाऊण तास मिळाला ना?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गायनं आपण दर रविवारी गातो. आगगाडीत कुणीतरी दिलेला नवा करार वाचत, शंका काढत टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्म्याला आले, तिशी उलटल्यावर. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे लगेच गेल्या नाहीत. पाच वर्षं घेतली, स्वतः विचार केला, मग आल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावात एवढ्या मुलींचा संसार सांभाळत हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्याच कामात होत्या. ही आपलीच माणसं. आणि आपण एका म्हाताऱ्या माणसाला हसून खाली बसवतो.

ज्यांनी ते वाक्य टाकलं ते वाईट नाहीत. पप्पांना त्यांनी खांदा दिलाय, ते मी विसरणार नाही. पण आज ते चुकले, आणि मीही.

संध्याकाळी काकांना फोन करून माफी मागितली. "अगं, त्यात काय एवढं," म्हणाले. जरा थांबले. मग म्हणाले, "निकदेम येशूकडे रात्रीचाच का गेला असेल गं?"

मला माहीत नाही, म्हटलं. बुधवारी सात वाजता माझ्या घरी बसून निकदेमाची तीच गोष्ट वाचणार आहोत, योहान, अध्याय ३. कुणाला यायचं असेल तर या.