येळवशीला लेकरासकट तंबूत मुक्काम: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही लेकीला घेऊन भावाच्या शेतात तंबूत राहिलो, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. पावणेदोन वर्षांच्या लेकराला ऐन थंडीत, विंचूकाट्यात तंबूत झोपवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. भावाच्या शेतात, आखाड्याच्या (शेतातल्या घराच्या) उंबऱ्याशी तंबू ठोकला तर त्याला कॅम्पिंग म्हणत नाहीत, हिंमत असेल तर गौताळा अभयारण्यात जाऊन दाखवा. आणि किल्लारीच्या भूकंपानंतर ज्यांनी ताडपत्रीखाली दिवस काढले, त्यांना तंबूची हौस सांगू नका.

पहिले दोन आक्षेप एकमेकांचा गळा धरतात, काका. लेकराच्या जिवाची काळजी म्हणूनच तर आखाड्याचा उंबरा निवडला. रात्री दोनला लेकीनं भोकाड पसरलं असतं, तर उचलून दहा पावलांत आत आणि कंटाळा आलाच तर गाडीत घालून लातूर. एवढ्या लहान लेकराबरोबरच्या पहिल्या मुक्कामात याहून लांब कशाला जायचं? येळवशीला आपण सगळे शेतात जातोच. लातुरात त्या दिवशी कर्फ्यू लागल्यागत सामसूम असते. कडब्याच्या कोपीतली पूजा होते, भज्जी-आंबिलाचं जेवण होतं आणि दिवे लागायच्या आत बहुतेक जण घरी परततात. आम्ही परतलो नाही, एवढाच फरक.

आता विंचू. इथं तुमची भीती खरी आहे आणि तिला मी हसणार नाही. लाल विंचवाचं विष लहान लेकराला मोठ्या माणसापेक्षा फार जड जातं. पण विंचू दिवसा कुठं असतो? दगडाखाली, भिंतीच्या भेगांत, सरपणात, कडब्याच्या गंजीत. रात्री तिथून बाहेर पडतो. म्हणून तंबू गंजीपासून आणि बांधाच्या दगडांपासून लांब, मोकळ्या झाडलेल्या जागी लावला. त्याचा तळ भिंतींना शिवलेला होता आणि दाराची चेन अंधार पडल्यापासून बंद. चपला-बूट आत घेतले, सकाळी झटकूनच घातले. मण्यार हा विषारी साप तर बहुतेकदा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. हा सगळा हिशेब मांडला तर कडब्यावर गोधडी टाकून झोपण्यापेक्षा चेन लावलेला तंबू बरा. तुम्ही-आम्ही लहानपणी गोधडीवरच झोपलो, ते सोडा.

तरीही चावलाच तर? कांदा चोळणं नाही, मंत्र नाही, थेट दवाखाना. लेकराला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसायची वाट बघत बसायचं नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी महाडच्या भागात काम करताना प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि तेव्हापासून कितीतरी जीव वाचले. पण ते औषध दवाखान्यात असतं, म्हणून रात्री कुठला दवाखाना उघडा असतो हे आधी विचारून ठेवलं होतं आणि गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लावली होती.

मला खरं भ्या वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टींचं, आणि तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्यातली एकही नाही. शेततळं. 2016 साली मागेल त्याला शेततळे ही योजना आली आणि तेव्हापासून गावोगावी तळी वाढली. आतून प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय टिकत नाही, मग चालायला नुकतं शिकलेलं लेकरू काय बाहेर येणार? विनाकठड्याची विहीर तशीच. रानडुकरांसाठी कुंपणाला सोडलेला करंट. आखाड्याच्या कोनाड्यात उघडी ठेवलेली फवारणीची बाटली. भावाबरोबर आधी सगळं रान फिरून आले, शेजारच्या रानातल्या कुंपणाची चौकशी केली आणि दिवसभर एक माणूस फक्त तिच्यामागं, हातात मोबाईल न घेता. भाचरांना ही पाळी अजिबात आवडली नाही.

थंडीचं म्हणाल तर आपल्याकडं डिसेंबरात पारा दहाच्या आसपास येतो, कधी खालीही. लेकराचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर थंड पडतं, हे बरोबर. पण त्यावर इलाज म्हणून शेगडी तंबूत ठेवा असं जे तुम्ही सुचवलंत, ते कृपा करून कुणी करू नका! बंद तंबूत निखाऱ्याचा धूर दिसत नसला तरी विषारी वायू साठतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. आगटी बाहेर, आणि झोपायच्या आधी विझवून. तिला थरावर थर कपडे घातले, माझ्या नि तिच्या बापाच्या मधे झोपवलं, तोंडावर पांघरूण येऊ दिलं नाही. ऊब हातावरून कळत नाही, मानेला हात लावून बघायची.

हुरडा तिला दिला नाही, शेंगदाणे-बोरंही नाही. घशात अडकतात. त्यावरून सासूबाई रुसल्या. गुळाचा खडा चाटून ती खूश होती.

किल्लारीबद्दल तुमच्याशी वाद नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. त्यानंतर आमचं अख्खं घर कितीतरी दिवस अंगणात ताडपत्रीखाली होतं. आई अजूनही भिंतीलगत खाट लावू देत नाही. त्या तंबूची हौस कुणालाच नव्हती. पण तीच आई येळवशीच्या रात्री कुणी न सांगता आमच्या तंबूशेजारी बाज टाकून झोपली आणि नातीला अमावस्येच्या आभाळातल्या चांदण्या दाखवत बसली. याला हौस म्हणायचं की काय, ते तुम्ही तिलाच विचारा, मी मधे पडणार नाही.

"लेकराला यातलं काय आठवणार?" असंही तुम्ही विचारलंत. काहीच नाही. आंघोळही आठवणार नाही, तरी रोज घालतेच.

राहिलं गौताळा. तिथं बिबट्या आहे, अभयारण्यात मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही आणि लातूरहून जायला अख्खा दिवस गाडीत. गौताळ्याजवळच्या कन्नड गावाकडं जाणं झालंच तर दिवसा पितळखोऱ्याची लेणी बघू आणि संध्याकाळच्या आत पक्क्या छताखाली येऊ. लेकरू मोठं होईपर्यंत हिंमत दाखवायचं काम तुमच्याकडं.