गल्लीतला मेकॅनिक बोलतोय (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या आठवड्यात सासऱ्यांच्या जुन्या पीसीवर जो लेख टाकला होता, त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आलीये. उत्तर तिथेच खाली लिहायला घेतलं, पण लिहिता लिहिता ते एवढं लांबलं की म्हटलं वेगळंच टाकू. आधी प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, उगाच मी सोयीचं तेवढं उचललं असं नको:

"लेख वाचला. मेहनत घेतलीय, पण गल्लीतल्या मेकॅनिकने लिहावा तसा झालाय. अँटीव्हायरस उडवण्याआधी हार्डडिस्कची तब्येत बघितली होती का? विंडोज ७ वाल्या कुणी हे वाचून केलं तर त्याचं मशीन उघडं पडेल, कारण त्यातला डिफेंडर अँटीव्हायरस नव्हताच. आणि अख्खा डी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये टाकायचा सल्ला कृपया काढून टाका. – सिस्टिम अ‍ॅडमिन, १२ वर्षं."

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१३ साली घेतलेला पीसी, आय-थ्री थर्ड जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, वर विंडोज १०. बटण दाबून माणूस चहा करून, पिऊन, कप विसळून आला तरी स्क्रीनवर गोल फिरतंय ते फिरतंयच. आत बघितलं तर दोन अँटीव्हायरस. एक दुकानदाराने गळ्यात मारलेला, त्याची मुदत कधीच संपलेली, पण दर तासाला लाल खिडकी उघडून रिन्यू करा म्हणून बोंब मारायचा. दुसरा मेव्हण्याने कुठूनतरी फुकटचा टाकलेला. मी दोन्ही काढले, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू केला, डी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे 'हे तपासू नको'च्या यादीत टाकला, चालू व्हायला लागायचं ते सात मिनिटांचं दोनवर आलं. एवढाच लेख.

आता 'गल्लीतला मेकॅनिक'.

साहेब, तुम्ही नाव लिहिलं नाहीत, वर्षं मात्र लिहिलीत. बरं. मीही लिहितो. सांगलीत एका जिन्याखालच्या दुकानात मी २००३ साली लागलो, पगार महिना १२०० रुपये, आणि पहिले तीन महिने हातात स्क्रूड्रायव्हर नाही, फक्त ब्लोअर. सीपीयू आला की बाहेर फूटपाथवर न्यायचा, झाकण काढायचं, तोंडाला रुमाल बांधायचा आणि हवा मारायची. एकदा आतून उंदराचं घरटं निघालं होतं, पिल्लांसकट. त्यानंतर रॅमवर बढती. मशीन लांब बीप देतंय आणि स्क्रीन काळी, अशी गिऱ्हाइकं रोज दोन तरी. रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, चुरा झटकायचा, परत 'टक' करून बसवायची की मशीन चालू. गिऱ्हाईक म्हणायचं एवढ्याचे ५० रुपये? मालक म्हणायचे खोडरबराचे नाहीत, ते कुठे फिरवायचं त्याचे आहेत. तर हो, गल्लीतलाच मेकॅनिक. तुम्ही शिवी म्हणून दिलीत, मी पदवी म्हणून घेतो. आणि शिवी म्हणून दिली नव्हती असं आता म्हणू नका, 'मेहनत घेतलीय, पण' मधला तो 'पण' मला चांगला कळतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा (नेटवरून पसरणारा व्हायरस) आला. १२ वर्षं म्हणजे तुम्ही तेव्हा या धंद्यात नव्हता, म्हणून सांगतो. विंडोज एक्सपीचं मशीन नेटला जोडलं की थोड्या वेळात खिडकी यायची, ६० सेकंदांत मशीन बंद होणार, आणि उलटी मोजणी सुरू. शेजारचा सायबर कॅफेवाला तीन सीपीयू स्कूटरवर बांधून घेऊन आला होता. आम्ही फॉरमॅट मारायचो, अँटीव्हायरस टाकायचो, तो घेऊन जायचा, आणि अर्ध्या तासात परत दारात. अँटीव्हायरस असला तरी मोजणी चालूच, कारण तो किडा पेन ड्राइव्हमधून किंवा मेलमधून येतच नव्हता, नेटवरून थेट विंडोजच्या एका सर्व्हिसला धडक द्यायचा आणि ती सर्व्हिस कोसळली की मशीन बंद. स्टार्ट, रन, 'शटडाउन मायनस ए' टाईप करून मोजणी थांबवायची हे मला तेव्हा शिकायला मिळालं, कुठल्या सर्टिफिकेटवाल्याने नाही शिकवलं. आणि खरा इलाज निघाला मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, जो जुलैमध्येच येऊन पडला होता, कोणी टाकलाच नव्हता! तो सीडीवर आणला, नेटची वायर काढून ठेवून टाकला, आणि कॅफेवाला परत आला तो पेढे घेऊन.

२०१७ ला वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा, आला तेव्हाही हीच गोष्ट. पॅच १४ मार्चला आलेला, हल्ला १२ मेला. तोवर मी दुकान सोडून एका पतसंस्थेची मशीनं बघायला लागलो होतो, १४ मशीनं, सगळी अपडेट केलेली, एकालाही काही झालं नाही, आणि त्यावर विकतचा अँटीव्हायरस होता का, तर नव्हता. त्यामुळे माझं मत पुस्तकातलं नाहीये. मशीन वाचतं अपडेटने आणि माणसाच्या अकलेने, अँटीव्हायरस एक पुरतो, आणि जुन्या मशीनवर तर एकच पाहिजे.

अजून एक, आणि हे जरा लागेल. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकलेल्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली, विमानं खोळंबली, हॉस्पिटलं अडली. व्हायरस नव्हता, हॅकर नव्हता, सुरक्षेसाठीच टाकलेलं सॉफ्टवेअर होतं. आणि त्या दिवशी मोठमोठ्या ऑफिसांतले सिस्टिम अ‍ॅडमिन काय करत होते? एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये (कमीत कमी गोष्टींवर विंडोज चालू होतं तो मोड) नेऊन, हाताने एक फाइल डिलीट करत होते. साहेब, याला आमच्याकडे गल्लीतल्या मेकॅनिकचं काम म्हणतात. एसीत बसून टिकिटं क्लोज करणाऱ्यांवर पण ती वेळ येते. (हे जरा जास्त झालं. पण लिहिलंय आता, राहू दे.)

बरं, ज्या मूळ गोष्टीवर लेख होता त्यावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, ते का? मशीन का रखडतं हे मी तिथे घाईत लिहिलं होतं, इथे नीट लिहितो. अँटीव्हायरस म्हणजे डेस्कटॉपवरचा आयकॉन नाही, तो खाली विंडोजच्या पोटात एक ड्रायव्हर बसवतो आणि कुठलीही फाइल उघडली की आधी ती त्याच्या हातून जाते. तुम्ही वर्ड उघडलं, वर्डने आपल्या शंभर फाइली उघडल्या, शंभरही तपासल्या गेल्या. एक अँटीव्हायरस असेल तर ठीक, दोन असले की एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा परत तपासतो, एकाने पकडून कोंडून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला सापडतो आणि मग दोघं एकमेकांच्या अंगावर. चाळीच्या दारात दोन वॉचमन आणि दोघंही प्रत्येकाची पिशवी उलटी करून बघतायत, असं. त्यात साधी हार्डडिस्क, तिची सुई तबकडीवर इकडून तिकडे पळणार, सेकंदाला शंभराच्या आसपास उड्या, त्याच्या पुढे तिची धाव नाही. टास्क मॅनेजर उघडा, डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि सीपीयू मात्र १५ वर निवांत. रोग तिथे असतो आणि लोक रॅम वाढवून येतात. आणि दुसरा अँटीव्हायरस बसला की डिफेंडर आपणहून बाजूला सरतो, म्हणजे सासऱ्यांकडे जो चांगला होता तो बंद, आणि चालू होता मेव्हण्याचा.

काढतानाही नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. आयकॉन जातो, ड्रायव्हर बरेचदा मागे राहतो. बहुतेक कंपन्या आपापलं वेगळं रिमूव्हल टूल देतात, ते त्यांच्याच साइटवरून घ्यायचं, शक्यतो सेफ मोडमध्ये चालवायचं, रिस्टार्ट, मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर हिरवा झाला का ते डोळ्यांनी बघायचं. मी हे सगळं केलं. शिवाय पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) डिफेंडरच्या स्कॅनची सीपीयूची मर्यादा ५० वरून २० वर आणली, स्कॅनला वेळ लागेल पण सासऱ्यांचा पत्त्यांचा डाव अडकणार नाही. हे गल्लीत शिकवत नाहीत बरं का.

आता तुमचे बाकीचे मुद्दे, पटपट.

विंडोज ७. मान्य. ७ मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर बघायचा, अँटीव्हायरस पाहिजे तर सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळं डाउनलोड करावं लागायचं, विंडोज ८ पासून ते सगळं आत आलं. मी लेखात 'विंडोजमध्ये असतोच' असं सरसकट लिहिलं होतं, तिथे 'विंडोज ८ च्या पुढे' एवढे शब्द घातलेत. पण माझा लेख १० वर होता, आणि विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, तेव्हा आज ७ वर बसलेल्या माणसाचं मशीन माझ्यामुळे उघडं पडणार म्हणजे घराला भिंती नाहीत आणि कडी कोणी काढली यावर भांडण. तरी दुरुस्ती केलीय. मनाचा मोठेपणा म्हणा. (१० वाल्यांनीही फार हसू नये, त्याचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सासऱ्यांचं मी नोंदवून दिलंय. हा आय-थ्री काही विंडोज ११ घेत नाही.)

डी ड्राइव्ह. त्यात नातवाचे फोटो आणि कीर्तनाच्या एमपीथ्री आहेत, हजारो. त्या तपासून कोणाला काय सापडणार? आता तुम्ही म्हणाल पेन ड्राइव्ह. हो, ते झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह नेतात, आणि तिथून येताना त्यात फोल्डरच्या जागी शॉर्टकट असतात हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात गेलेल्या माणसाला माहितीये, आणि हो, ते आल्यावर सगळं उचलून डी मध्येच टाकतात. पण मी त्यांना सांगून ठेवलंय. आणि ते ऐकतात. बहुतेक. असो, लेखात 'डी ड्राइव्ह' खोडून 'फक्त फोटो-गाण्यांचं फोल्डर' केलंय, तुम्ही म्हणालात म्हणून नाही, वाचक अर्धंच वाचतात म्हणून.

मला राग मुद्द्यांचा नाही आला, खरंच. मुद्दे तीन होते, तिन्ही तुम्ही तीन ओळींत सांगू शकला असता आणि मी धन्यवाद लिहून मोकळा झालो असतो. पण आधी एक टपली मारायची आणि मग 'कृपया' म्हणायचं, ही जी पद्धत आहे ना, ती मला दुकानात असल्यापासून माहितीये. गिऱ्हाईक खुर्चीत बसून सांगायचं की तुम्हाला यातलं काही कळत नाही वाटतं, आणि पैसे देताना म्हणायचं, भाऊ जरा कमी करा. २०१९ च्या पुरानंतर चिखलाने भरलेले मदरबोर्ड आम्ही ब्रशने धुऊन, उन्हात ठेवून, एकेक चालू करून दिले, तेव्हा कोणी विचारलं नाही की तुमचं शिक्षण काय. सासऱ्यांचा हा पीसी त्या पुरात माळ्यावर होता म्हणून वाचला, नाहीतर हा लेखच झाला नसता आणि तुमचाही वेळ वाचला असता.

राहिलं हार्डडिस्कचं. तपासली होती का, तर तपासलीय. लेख टाकल्यानंतर. तुमची प्रतिक्रिया यायच्या आदल्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला होता की फोटो उघडताना परत रखडतंय आणि आतून कट कट आवाज येतोय, तेव्हा त्यांना फोनवर बसवून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं. पिवळा चौकोन, कॉशन. त्यामुळे नातवाचे फोटो आधी बाहेर काढायचेत. रविवारी २४० जीबीची एसएसडी (तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) आणि एक केबल घेऊन जातोय, आणि हे आधीच ठरलं होतं.