नानांचं बी.पी. आणि माझी गाडी

नाना मिस्तरींचं बी.पी. किती आहे, हे त्यांच्या डॉक्टरांच्या आधी मला ठाऊक असतं. मीठ कमी केलंय का, ठेच्यावरचा हात आवरलाय का, रात्री झोप लागते का, ही चौकशी मी इतक्या तळमळीने करतो की सख्ख्या काकांचीही कधी केली नसेल. नाना आमच्या भावकीतले नाहीत. कार्बोरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडून तो पुन्हा तसाच बंद करता येणारा, माझ्या ओळखीतला हा अमळनेरातला शेवटचा माणूस आहे. आणि माझ्याकडे १९८५ सालची मारुती ८०० आहे.

पहिल्या पिढीतली, चौकोनी तोंडाची. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली ठेवली, ती हीच जात. मूळची जपानी. तिकडे सरकारने तेव्हा छोट्या गाड्यांना माप आखून दिलं होतं : लांबी ३.२ मीटरच्या आत, इंजिन ५५० सीसीपर्यंत. आपल्याकडे येताना देह जवळजवळ तेवढाच राहिला, इंजिन मात्र ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं झालं. चाकं १२ इंची. वडिलांनी ती दारात आणली तेव्हा गल्लीने पेढे खाल्ले. त्यातले जे उरलेत ते आता धक्का द्यायला येतात. कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांत कोणाचं रबर शाबूत राहिलंय?

तिचं खरं वैर आमच्या उन्हाशी. वैशाखात पारा ४५ च्या घरात गेला की शहाणी माणसं अकरानंतर दाराबाहेर पडत नाहीत. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते ती नेमकी तेव्हाच, आणि बहिणीला चोपड्याहून माहेरी आणायचं काम माझ्याकडे. हिचा फ्युएल पंप इंजिनालाच चिकटून बसलेला. इंजिन तापलं की पेट्रोल पंपात आणि नळीतच उकळतं, त्याची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर उपाशी. तापीच्या पुलावर गाडी दोन आचके देते आणि थांबते. उपाय साधा आहे : ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि वाट बघायची. पिण्याचं पाणी पंपाला पाजलं म्हणून बहीण तोंड फिरवून बसते. तेवढ्यात मोटारसायकलवरून जाणारा माणूस थांबतो. न विचारता बोनेटखाली डोकं घालतो, गळ्यातला रुमाल काढतो आणि म्हणतो, "आमना बापनी बी व्हती." मग तोही वाट बघत उभा राहतो. खानदेशात बंद पडलेल्या गाडीपाशी माणूस एकटा राहूच शकत नाही.

पॉइंट साफ करणं हा मात्र नानांचा प्रांत. सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं की आत दोन चिमुकले पॉइंट असतात. ठिणगी पडून पडून त्यांच्यावर काजळी धरते आणि गाडी सकाळी सकाळी खोकायला लागते. नाना काचपेपरचा नखाएवढा तुकडा मधून फिरवतात. त्या दोघांतली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. ती मोजायला कारखान्याने फीलर गेज नावाचं हत्यार काढलंय. नाना खिशातून हॅक्सॉ ब्लेडचा मोडका तुकडा काढतात. डोळे मिटून तो फटीत सरकवतात. ब्लेड अडत अडत जायला हवं, अडून बसायला नको. एवढं झालं की स्क्रू पिळतात, टोपणात फुंकर मारतात आणि माझ्याकडे न बघता "मार" म्हणतात. मी किल्ली फिरवतो. पहिल्या सेल्फला चालू झाली की नाना बिडी पेटवतात. मी बी.पी.ची आठवण करून देतो. ते ऐकत नाहीत.

त्यांचे काही निर्णय मला पटत नाहीत. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट त्यांनी कधीचाच काढून टाकलाय. "आठे थंडी कोठे शे, भाऊ?" जानेवारीत केळीच्या बागांना गारठा बाधू नये म्हणून रावेर-यावलकडे रात्री शेकोट्या पेटवून धूर करतात, हे नानांना माहीत नाही असं नाही. पण थर्मोस्टॅट गेला तो गेलाच. हिवाळ्यात इंजिन तापता तापत नाही आणि मी पारोळ्यापर्यंत चोक ओढून, म्हणजे इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजत, जातो.

बाकी किरकोळ. क्लचची केबल तुटते. मागच्या ब्रेकचा व्हील सिलिंडर गळतो. पुढच्या ॲक्सलचा रबरी बूट फाटून ग्रीस उडून गेलंय, त्यामुळे वळताना चाक टक-टक वाजतं आणि वळणावर हॉर्न द्यावा लागत नाही.

नवीन दुखणं म्हणजे पेट्रोल. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. काय सांगावं, आमच्याच मक्याचं असेल. हिचं रबर त्या हिशेबाने बनलेलं नाही. नळ्या फुगतात, पंपाचा डायफ्राम कडक होतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली, तेव्हा फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत, पांढरी भुकटी साचली. नानांनी ती चिमटीत धरून विचारलं, "हाई काय रांगोळी शे का भाऊ?"

मधे नाना लग्नाला गेले होते, म्हणून एका नव्या गॅरेजमधल्या पोराला बोलावलं. शिकलेला, नम्र. नव्या गाड्यांतल्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, बिघाड विचारणारा स्कॅनर घेऊन आला आणि तो जोडायचं सॉकेट शोधायला डॅशबोर्डखाली शिरला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. शेवटी आतून आवाज आला, "सर, हिचा ईसीयू कुठे असतो?"

"तो लग्नाला गेलाय," मी म्हटलं.

आणि आता नानांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेलाय. नातू झालाय म्हणे. मी जमेल तेवढं सांगून पाहिलं : तिथे कळण्याची भाकरी मिळत नाही, भरताला आसोद्याची वांगी मिळत नाहीत, शेवभाजी गोड लागते, रस्ता ओलांडताना माणूस म्हातारा होतो. नाना म्हणाले, व्हिडिओ कॉल कर.

काल केला. गाडी एक सिलिंडर सोडत होती, म्हणजे तिघांतला एक कामच करत नव्हता. नाना म्हणाले, "फोन बोनेटजवळ धर. रेस दे. आजून. दोन नंबरनी कॅप काढ." काढली. आवाजात तिळमात्र फरक पडला नाही. "तोच. प्लग बदल." मी समाधानाने इंजिन बंद केलं. फोनमधून बाळाचा टाहो ऐकू आला, पाठोपाठ सूनबाईंचा आवाज, आणि मग खुद्द नानांचा, चिडलेला :

"बंद काबरं कयी? तो त्याच आवाजमा जपेल व्हता! लाव कॅप, कर चालू. रेस देऊ नको."

तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पुण्यातलं पोर झोपेपर्यंत अमळनेरात माझी गाडी भर उन्हात उभ्या उभ्या पेट्रोल पीत होती, आणि मी पंपावरचं फडकं ओलं करत होतो.