अभिषिक्ताला हिशेब विचारणं हे पाप कधीपासून झालं?

मागच्या आठवड्यात इंदूरच्या राजेंद्रनगरला आत्याकडे गेले, तर ती डोळे पुसत बसलेली. पुढ्यात बिस्किटांचा जुना डबा, त्यात दानाच्या पावत्या, वर्षावर्षाचे गठ्ठे करून रबर लावलेल्या. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, छपरासाठी तिने दोन वर्षं पेन्शनमधून पैसे दिले आणि छप्पर अजून गळतंच आहे. तिने मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीला एवढंच विचारलं, की किती जमले आणि गेले कुठे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. "अगं, माझ्या हातून पाप झालं," आत्या म्हणाली. 71 वर्षांची विधवा बाई, आयुष्यभर रविवारची शाळा घेतलेली. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेज इंदुरात बऱ्याच जणांच्या फोनवर फिरतो आहे. त्याचं सार असं: पाळक (पास्टर) देवाचा अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडून नेमलेला, आहे, त्याच्यावर बोट ठेवणं म्हणजे देवावर बोट ठेवणं. मोशेविरुद्ध बोलली म्हणून त्याच्या बहिणीला, मिर्यामला, कोड फुटलं ते आठवा. नोहाच्या चांगल्या मुलांसारखी बापाची नग्नता झाका. दोष काढू नका. आणि काहीही झालं तरी पोलीस-कोर्ट करू नका.

सगळा डोलारा उभा आहे तो बायबलातल्या स्तोत्र 105:15 वर: "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." तेवढी एक ओळ उचलली आहे. आमच्याकडे उपासना हिंदीत होते, पण आत्या वाचते मराठीच. तिचंच शास्त्र घेतलं आणि बाराव्या वचनापासून तिला वाचून दाखवलं. तिथे बोलणं आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल. मूठभर माणसं, परमुलखात, ना जमीन ना सैन्य. आणि 'हात लावू नका' हे सांगितलं कोणाला? राजांना. बळवंताने दुबळ्याला छळू नये म्हणून दिलेली ती ताकीद आहे, आणि ती पेन्शनवर जगणाऱ्या बाईला ऐकवली जाते!

आता उत्पत्तीचा 20वा अध्याय काढा. गराराचा राजा अबीमलेख सारेला नेतो, कारण अब्राहामानेच 'ही माझी बहीण' असं सांगितलेलं असतं. देव राजाला स्वप्नात बजावतो, त्याची बायको परत दे, तो संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, आहे. राजा ऐकतो. पण आधी अब्राहामाला बोलावून तोंडावर विचारतो, तू आम्हांला हे काय केलंस? देव त्या राजाला गप्प करत नाही. अब्राहामाला उत्तर द्यावं लागतं. शास्त्रात 'संदेष्टा' हा शब्द पहिल्यांदा येतो तो याच अध्यायात, आणि त्याच अध्यायात संदेष्ट्याला जाब विचारला जातो. तोही एका परक्याकडून. बाकी अभिषेकाचं म्हणाल तर योहानाच्या पहिल्या पत्रात (2:20) तो सगळ्या विश्वासणाऱ्यांना आहे. आत्यालाही.

मिर्यामचा न्याय देवाने स्वतः केला. मोशेने तिला शाप दिला नाही, उलट तिला बरं कर म्हणून देवाला हाक मारली. 'दोष काढू नका' हे मत्तय 7 चं पहिलं वचन. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा असंही आहे.

माझा खरा संताप झाला तो नोहावरून. नोहा स्वतःच्या तंबूत द्राक्षारस पिऊन पडला होता. त्याने कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता. त्याच्यावर पांघरूण घालणं ही मुलांची माया होती. पण एखाद्या पाळकाने लेकराला नासवलं, तर उघडं पडलेलं असतं ते लेकरू. पांघरूण त्याच्यावर घालायचं असतं. 'पोलिसांत जाऊ नका' म्हणणाऱ्यांनी मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012चा पॉक्सो कायदा वाचावा. कलम 19 प्रमाणे असा गुन्हा कळला की कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम 21 प्रमाणे संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रेषित पौलाने 1 करिंथ 6 मध्ये कोर्टाला नको म्हटलं ते भावाभावांच्या देण्याघेण्याच्या भांडणांबद्दल.

पांघरूण घातल्याने काय होतं ते जगप्रसिद्ध ख्रिस्ती प्रवचनकार रवि जकरायस यांच्या बाबतीत जगाने पाहिलं. चेन्नईत जन्मलेला हा माणूस, आमच्या घरी त्यांची भाषणं भक्तिभावाने ऐकली जायची. 2017 मध्ये एका बाईने तक्रार केली, तेव्हा त्यांनी तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावरच खटला भरला. 2020 मध्ये ते वारले. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला, आणि वर्षानुवर्षं अनेक बायकांशी केलेलं गैरवर्तन बाहेर पडलं. त्या बाईचं आधीच ऐकलं असतं तर?

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. कुजबुजीने चांगल्या पाळकांचीही माती होते. मध्य प्रदेशात 2021च्या धर्मांतराच्या कायद्यानंतर पाळकांच्या मनात जी धास्ती आहे ती मी जवळून पाहते. म्हणूनच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, सांगतो, की मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून ऐकू नकोस. कबूल. पण लगेच पुढच्याच वचनात आहे, की जे पाप करतात त्यांचा सर्वांसमोर निषेध कर. मेसेजवाल्यांनी ते वचन गाळलं.

शेवटी आत्याला 1 शमुवेल 12 काढून दिलं. म्हातारा संदेष्टा शमुवेल सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून आपणहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? साक्ष द्या, मी परत करतो. आत्याने ते दोनदा वाचलं आणि पानात खूण म्हणून छपराच्या दानाची एक पावती ठेवली. येत्या रविवारी उपासनेनंतर ती तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे, या वेळी लेखी. अर्जावर दुसरी सही माझी आहे.