सूचना संपेपर्यंत थांबा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेपुढे यंदा एक प्रस्ताव आहे. रविवारच्या उपासनेत सूचना वाचणं बंद करावं, त्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकाव्यात, म्हणजे उपासना लवकर आटोपेल. प्रस्ताव आणणारी आमचीच तरुण संघाची मुलं आहेत आणि त्यांची कारणं खरी आहेत. ऐरोलीत आम्हाला स्वतःचं मंदिर नाही. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन उपासना होते आणि ठरल्या वेळी तो रिकामा करून द्यावा लागतो. ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक असला की ठाण्याहून, कोपरखैरण्याहून येणाऱ्यांचे हाल होतात. कुणाची आयटी पार्कमधली शिफ्ट दुपारी सुरू होते, कुणाची हॉस्पिटलातली ड्यूटी. हे सगळं मान्य करूनही माझा या प्रस्तावाला विरोध आहे. सभेत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात हे मांडून होणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझी श्रद्धा कुठे वाढली याचा शोध घेतला तर ती मला प्रवचनापेक्षा सूचनांच्या वेळी जास्त सापडते. प्रवचनाला मी कमी लेखत नाही. आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, मनापासून तयारी करून बोलतात आणि त्यांची कितीतरी वाक्यं मी वहीत उतरवून ठेवली आहेत. पण देव माणसांवर प्रीती करतो हे प्रवचनात कळलं, तरी ती माणसं कोण, कुठे राहतात, आज कशी आहेत, हे चिटणीस काका चष्मा लावून कागद वाचायला उभे राहतात तेव्हा कळतं.

काय असतं त्या कागदावर? रबाळ्याच्या आजोबांची अँजिओप्लास्टी झाली, घरी आणलंय, भेटायला जाणाऱ्यांनी संध्याकाळी जावं. दिघ्याच्या एका ताईंनी डबे करून द्यायला सुरुवात केली आहे, कुणाला हवे असल्यास सांगावं. गुरुवारी घणसोलीला घरगुती प्रार्थनासभा. जालन्याहून कामासाठी आलेल्या एका मुलाला राहायला जागा हवी आहे, कॉट मिळाली तरी चालेल. दहावी-बारावीच्या मुलांसाठी प्रार्थना. गेल्या रविवारचं अर्पण अमुक. अमुक-तमुक यांचा विवाह ठरला आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावं. ही शेवटची सूचना निव्वळ रिवाज नाही, हेही मुलांना सांगायला हवं. लग्नाआधी सूचना देण्याची तरतूद १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही आहे. दोन माणसांनी एकत्र येणं ही साऱ्या मंडळीला ठाऊक असायची गोष्ट आहे, असा त्यामागचा विचार.

आमच्यातले बहुतेक लोक नगर, श्रीरामपूर, जालना, सोलापूर या बाजूचे. आईवडिलांच्या गावी अशा सूचनांची फारशी गरज नव्हती. ख्रिस्ती वस्ती एकाच ठिकाणी, एकाच्या घरातला खोकला चार घरांना ऐकू जायचा. नवी मुंबईचं तसं नाही. सिडकोने १९७०नंतर आखलेल्या या शहरात आपण सेक्टर आणि बिल्डिंगच्या नंबरांनी ओळखले जातो. शेजारच्या विंगमध्ये कोण आजारी आहे हे लिफ्टमध्ये कळत नाही. गावात जी बातमी आपल्या पायांनी घरी यायची, ती इथे कुणीतरी मुद्दाम उभं राहून सांगावी लागते.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर का नको? मी ग्रुपवर आहे आणि त्याचा उपयोगही करते. कुणाला रक्त हवं असेल तर रविवारपर्यंत थांबायचं नसतंच. पण मेसेज वाचताना मी एकटी असते. हात जोडल्याचं चिन्ह टाकते, खाली तशीच आणखी तीस-चाळीस येतात, आणि बोट पुढच्या मेसेजकडे जातं. हॉलमध्ये नाव वाचलं जातं तेव्हा त्या घरची बाई दोन ओळी पुढे बसलेली असते. तिच्या खांद्यावर शेजारणीचा हात गेलेला मला दिसतो. उपासना संपल्यावर तिच्याजवळ न जाता निघणं मग जमत नाही.

आणि याहून मोठं कारण आहे. आमच्याकडे सूचनांनंतर मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागण्याची, प्रार्थना होते. जो कागद आधी माणसांना वाचून दाखवला, तोच मग देवापुढे ठेवला जातो, त्याच नावांसकट. मला हा आमच्या उपासनेचा गाभा वाटतो. सूचना काढून टाकल्या तर मध्यस्थीची प्रार्थना राहील, पण ती ‘सर्व आजारी लोकांसाठी, सर्व दुःखितांसाठी’ अशी होईल. तिच्यात खोटं काही नाही, पण अशी प्रार्थना करून घरी जाणाऱ्याला त्या आठवड्यात काहीच करावं लागत नाही. रबाळ्याच्या आजोबांचं नाव घेऊन प्रार्थना केली की संध्याकाळी रबाळ्याला जावं लागतं.

‘सूचना म्हणजे कामकाज, उपासना म्हणजे अध्यात्म’ असं एक तरुण मित्र मला म्हणाला. त्याला मी प्रेमाने सांगेन की पवित्र शास्त्र पुन्हा उघड. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घे. कृपा, विश्वास, नीतिमत्त्व यांवर इतकं खोल लिहून झाल्यावर पत्र लिहिणारा प्रेषित पौल नावांची यादी देतो. किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फिबी येते आहे, तिला लागेल ती मदत करा. प्रिस्का आणि अक्विला यांना सलाम, त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही. जिने फार श्रम केले त्या मरियेला सलाम. रूफाच्या आईला सलाम, ती मलाही आईसारखी आहे. मध्येच लेखणी हातात असलेला तर्तिय स्वतःचा सलाम घुसवतो. आपण हा अध्याय भरभर वाचून टाकतो. मला मात्र तो वाचला की पहिले पंधरा अध्याय खरे वाटतात. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तर त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा घेऊन ये आणि हिवाळ्याच्या आधी यायचं बघ, असा निरोप आहे. म्हातारा माणूस, तुरुंग, तोंडावर आलेली थंडी. हे शास्त्रात ठेवायला मंडळीला कधी संकोच वाटला नाही.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेच्या मंडळीत तक्रार आली की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. म्हणजे भांडण भाकरीचं, आणि थोडं भाषेचंही. त्यावर प्रेषितांनी सात जणांची निवड करायला सांगितली, प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. पंगतीची व्यवस्था बघायला निवडलेल्या त्या सातांमध्ये स्तेफन होता, पुढे मंडळीचा पहिला हुतात्मा झालेला. वाढपाच्या कामासाठी आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली माणसं शोधली होती, हे मी दर वेळी नव्याने वाचते.

इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. वाचन होतं, बोध होतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक तो घेऊन जातात. जमलेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले, यांची काळजी घेतली जाते. आता विचार करा, कोण आलं नाही आणि का आलं नाही हे कुणीतरी सांगितल्याशिवाय तो घास नेमका कुणाच्या दारी पोचला असेल?

आपल्या ठाण्याचंच घ्या. तलावपाळीजवळचं पोर्तुगीज काळातलं चर्च सगळ्यांना माहीत असतं, पण इथल्या ख्रिस्ती वस्तीची नोंद त्याहून कितीतरी जुनी आहे. १३२१मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला आले, तेव्हा त्यांना इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबाने घरात जागा दिली. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, प्रकरण काझीपर्यंत गेलं आणि तिने साक्षीदार म्हणून पाहुण्यांकडे बोट दाखवलं. तिथून सुरू झालेली चौकशी त्या चौघांच्या मृत्यूपर्यंत गेली. त्यांचा सोबती जॉर्डन तेव्हा दुसरीकडे होता. कळल्यावर त्याने देह सोपाऱ्याला नेऊन त्यांना माती दिली. हुतात्म्यांची कथा म्हणून आपण ती ऐकतो. मला तिच्यात त्या घराचं दार दिसतं, परक्या लोकांचं अंथरूण दिसतं, मार खाल्लेली बाई दिसते आणि मित्रांची प्रेतं बोटीतून, रस्त्याने कशीतरी घेऊन जाणारा एक थकलेला माणूस. सातशे वर्षांनंतर आमच्या कागदावर याच गोष्टी असतात: कुणाला जागा हवी, कुणाच्या घरात त्रास आहे, कुणाची माती किती वाजता.

लक्ष्मीबाई टिळकांचंही आठवतं. नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला १८९५मध्ये, लक्ष्मीबाईंनी घेतला १९००मध्ये. मधली काही वर्षं दोघं वेगळे राहिले, पण पुन्हा एकत्र आल्यावर टिळकांसारखा वक्ता त्यांच्या घरातच होता. तरी लक्ष्मीबाईंचं मन वळलं ते माणसांच्या सहवासात, जातपात आणि खाण्यापिण्याची बंधनं एकेक करून गळून पडली तेव्हा. आधी ताट एक झालं, मग श्रद्धा आली. आपल्या महाराष्ट्रात एका पंगतीत बसणं ही कधीच छोटी गोष्ट नव्हती, आणि आमच्या मंडळीतही जुन्या जातींच्या खुणा पूर्ण पुसल्या गेलेल्या नाहीत. त्या पुसल्या जाताना मी पाहिल्या आहेत त्या प्रभुभोजनानंतरचे, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटून झाल्यावरचे, प्याले धुताना. धुण्याची पाळीही सूचनांमध्येच वाचली जाते. चिटणीस काका पाळी लावताना कोण कुणाशी बोलतं हे बघत नाहीत. एकदा वर्षानुवर्षं अबोला असलेल्या दोन घरांतल्या बायकांची नावं एकत्र आली. वेदीपाशी अर्पण तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर, हे मत्तयातलं वचन दोघींनाही तोंडपाठ होतं. तरी समेट झाला तो नळाखाली, पहिली म्हणाली ‘तुम्ही विसळा, मी पुसते’ तेव्हापासून.

सूचनांमधून इजाही होते, हे मी लपवणार नाही. एका बाईंचा आजार त्यांना न विचारता जाहीर झाला आणि त्यांनी येणं थांबवलं. कितीतरी वेळा प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली चर्चा होते, ‘प्रार्थनेत ठेवा हं’ म्हणत दुसऱ्याच्या मुलीचं लग्न मोडल्याची बातमी तिसऱ्या घरी जाते. हे पाप आहे, आणि त्याला पापच म्हणायला हवं. पण त्यावरचा उपाय सूचना बंद करणं नाही. ज्याचं नाव वाचायचं त्याची परवानगी घ्यायची, आजाराचं नाव सांगायचं नाही, आणि घरातल्या भांडणाची गोष्ट पाळकसाहेबांपाशीच राहू द्यायची.

ज्यांना आता घरी बसून यूट्यूबवर उपासना पुरेशी वाटते, त्यांनाही मला काही सांगायचं आहे. २०२०च्या मार्चनंतर आपण सगळेच पडद्यासमोर बसलो होतो, दुसरा मार्ग नव्हता. त्या काळात प्रवचनांची कमतरता नव्हती, जगातले उत्तम वक्ते मोबाइलवर होते. कमी पडली ती माणसं. मातीला मोजकेच जण जाऊ शकत होते, बाकीच्यांनी स्क्रीनवर बघायचं. ७ ऑक्टोबर २०२१ला प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. त्यानंतरच्या पहिल्या उपासनेत चिटणीस काकांनी गेलेल्यांची नावं वाचली, मध्ये त्यांचा आवाज थांबला आणि सगळा हॉल आपसूक उभा राहिला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ऑनलाइन उपासना मोठाच आधार आहे, ती चालूच राहावी. पण चालता-फिरता माणूस घरीच राहिला तर त्याला चांगलं प्रवचन मिळेल, त्याचं नाव मात्र कुणी वाचणार नाही, आणि त्यालाही कुणाचं ऐकू येणार नाही.

शब्द देही झाला, असं योहान सांगतो. पुनरुत्थानानंतर तोच येशू तिबिर्य समुद्राच्या काठी कोळशांच्या विस्तवावर मासळी भाजून शिष्यांना ‘या, न्याहारी करा’ म्हणतो. रात्रभर जाळी टाकून दमलेली माणसं होती ती. पेत्राशी पुढचं सगळं बोलणं त्याने जेवण झाल्यावर काढलं. देव असा वागत असेल तर डब्यांची, कॉटची आणि अँजिओप्लास्टीची सूचना उपासनेच्या बाहेरची कशी?

तेव्हा सभेत माझ्या मागण्या अशा असतील. सूचना शेवटी घाईत न वाचता प्रवचनाच्या आधी घ्याव्यात, मध्यस्थीची प्रार्थना लगेच त्यांच्यामागून यावी. हॉलची वेळ, सहलीची वर्गणी, मीटिंगची तारीख, असल्या गोष्टी खुशाल ग्रुपवर जाऊ द्या, त्याने मुलांना हवी असलेली मिनिटं वाचतील. माणसांच्या सूचना मात्र मोठ्याने वाचल्या जाव्यात. आणि महिन्यातून एकदा तो कागद तरुण संघातल्या कुणीतरी वाचावा, आदल्या दिवशी त्या त्या घरी फोन करून, परवानगी घेऊन. शिफ्टमुळे ज्यांना लवकर निघावं लागतं त्यांच्यापैकीच कुणी पहिल्या महिन्याची पाळी घेतली तर मला फार आनंद होईल. कापणीचा सण जवळ येतोय, तेव्हा पहिली सूचना बहुधा लिलावासाठी भोपळे, नारळ आणि मेथीच्या जुड्या कुणी आणायच्या याचीच असेल.