‘टंचाईतल्या पोरांना टंचाईच्याच गोष्टी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

उद्ध्वस्त जगाच्या कादंबऱ्या वर्गात शिकवाव्यात, असं मी म्हटलं होतं. त्यावर ‘ज्या पोरांच्या घरी उन्हाळाभर टँकरची वाट पाहतात, त्यांना उद्ध्वस्त जगाच्या कादंबऱ्या शिकवणं हा क्रूरपणा आहे, पंख्याखाली बसून सुचलेला’, असं तुम्ही लिहिलंत. मत वेगळं असू द्या. पण पंखा मध्ये कशाला आणलात? दारव्ह्याकडच्या टँकरच्या गावातच मी वाढलो, तिथल्याच पोरांना शिकवतो. माहिती नसताना असं बोलणं शोभत नाही.

आता क्रूरपणाचं. ‘तुमच्या घरी पाणी कसं पुरतं?’ असं वर्गात विचारलं की ज्याच्या घरी सर्वांत कमी पाणी, तोच मान खाली घालतो. कल्पित नगराबद्दल मात्र तो बोलतो. म्हणून पहिला नियम, घरचं कुणालाच विचारायचं नाही. पुस्तकाआधी एक खेळ घ्यायचा, त्या कल्पित नगरातला: सहा जणांचा गट, तीन दिवस, ९० लिटर पाणी, वाटून दाखवा. म्हणजे माणशी रोज ५ लिटर. आपत्तीतल्या मदतकार्याचं किमान मानक १५ लिटरचं आहे. पोरं सरळ भागाकार करून मोकळी होतात आणि तास तिथंच फसतो. तेव्हा चिठ्ठ्या काढायच्या: तान्हं बाळ, तापानं फणफणलेली आजी, बैलजोडी. उन्हाळ्यात एका बैलालाच रोज तीसेक लिटर लागतं, मग भांडण पेटतं. शेवटची चिठ्ठी टाकीच्या किल्लीची. ती निघाली की ‘कोण जगेल’ हा प्रश्न मागं पडतो आणि ‘नियम कुणी केला’ हा पुढं येतो. या साहित्याचा गाभा तोच आहे, आणि तो आपल्या पोरांना शहरातल्यांपेक्षा लवकर कळतो.

मगच पुस्तक उघडायचं. इंग्रज लेखक गोल्डिंग यांच्या १९५४ सालच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुलं त्यांच्यातल्याच पिगीच्या चष्म्यानं जाळ करतात. पिगीला लघुदृष्टिता आहे, म्हणजे लांबचं धूसर दिसतं, त्याचं भिंग अंतर्गोल. त्यानं किरण एकवटतच नाहीत. दहावीची पोरं हे पकडतात. पकडू द्या, पण तिथं थांबू नका. चष्मा चोरीला गेल्यावर सत्ता कुणाकडं गेली, ते विचारा.

परीक्षेत येत नाही, पुस्तकं महाग, यावर काय बोलायचं! एक प्रत पुरते, मोठ्यानं वाचायची.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे मावत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. दोन तासिका जोडून घ्याव्या लागतात. पुढच्या वेळी क्रूर म्हणायच्या आधी एकदा चिठ्ठ्या वाटून बघा, मग लिहा.