बॅकअप नसताना रिबिल्ड आधी नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वागळे इस्टेटमधल्या छापखान्याच्या एनएएसवरची (नेटवर्कला जोडलेल्या, अनेक डिस्कच्या साठवण-डब्यावरची) माझी पोस्ट वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. बॅकअप नसेल तर रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा उरलेल्या डिस्कवरून नव्या डिस्कवर पुन्हा बांधणं, लावण्याआधी सगळ्या डिस्कच्या कॉप्या काढा, असं मी त्यात म्हटलं होतं. तुम्ही महापेला सर्व्हर सांभाळता, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रेड ५ (अनेक डिस्क मिळून एक साठा; त्यातली एक गेली तरी डेटा टिकतो) मधली एक डिस्क गेली की नवी घालायची, रिबिल्ड लावायचा आणि मोकळं व्हायचं. आधी सगळ्या डिस्कच्या कॉप्या काढायला लावणं म्हणजे लोकांना घाबरवणं आणि दोन दिवस काम बंद पाडणं. शिवाय अगदीच अडलं तर ॲरे (डिस्क मिळून झालेला तो साठा) नव्याने 'क्रिएट' केला तरी डेटा परत दिसतो, तुम्ही स्वतः केलंय.

ताजा बॅकअप असेल आणि तो उघडून पाहिलेला असेल, तर खुशाल रिबिल्ड लावा. पण छापखान्यात बॅकअप नव्हताच. वर्षानुवर्षांची डिझाइन्स त्या ४ टीबीच्या चार डिस्कवर होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. माझा सगळा आग्रह अशा वेळेपुरता आहे.

रिबिल्ड म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटच्यापर्यंत वाचायच्या, म्हणजे १२ टीबी. साध्या डिस्कच्या कागदावर १०चा १४वा घात इतके बिट वाचताना एखादा सेक्टर वाचता येणार नाही, असं लिहिलेलं असतं. ते होतात १२.५ टीबी. हा आकडा बराच सावध आहे, चांगल्या डिस्क त्याहून पुष्कळ जास्त वाचून देतात, हे मलाही मान्य. मला भीती त्या आकड्याची नाही. चारही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या, एकाच डब्यात तापलेल्या. स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्क अधूनमधून पूर्ण वाचून तपासणं, कधी लावलेलाच नव्हता. चार-पाच वर्षांपूर्वीच्या फाइल्स कोणी उघडत नाही, त्यामुळे तिथले खराब सेक्टर रिबिल्ड तिथवर पोचेपर्यंत कळतच नाहीत. आणि तिथे वाचन अडकलं, की अनेक कंट्रोलर ती दुसरी डिस्कही बाद करतात. रेड ५ मध्ये दोन गेल्या की ॲरे बसला.

छापखान्यात हेच होण्याच्या बेतात होतं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) तिसऱ्या डिस्कचा 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे वाचताना अडलेल्या सेक्टरांचा आकडा, शून्य नव्हता, तरी एनएएसच्या स्क्रीनवर तिच्यापुढे हिरवा दिवा होता.

म्हणून आधी डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडत्या डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्राम. तो सरळ वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणारा भाग सोडून पुढे जातो आणि शेवटी त्याकडे वळतो. काय मिळालं आणि काय नाही, हे मॅपफाइल नावाच्या नोंदीत लिहीत राहतो, म्हणून मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. वेळेचं म्हणाल, तर सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीची धडधाकट डिस्क साडेसात तासांच्या आसपास उतरते, आणि पुरेसे पोर्ट असतील तर सगळ्या एकदम लावता येतात. रखडते ती फक्त आजारी डिस्क. तिच्यासाठी थांबायलाच हवं, कारण रिबिल्डमध्येही तीच रखडणार, आणि तिथे मधे हात घालायची सोय नसते.

बाद झालेली डिस्कही फेकू नका. ती नुकतीच बाहेर पडली असेल, तर तिचा मोठा भाग वाचता येतो आणि दुसऱ्या डिस्कवर न मिळालेले सेक्टर पॅरिटीच्या (गेलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा माहितीच्या) हिशेबात तिच्यावरून भरता येतात. दोन डिस्कचे खराब सेक्टर नेमके एकाच स्ट्राइपमध्ये (सगळ्या डिस्कवरच्या एकमेकांशी जोडलेल्या तुकड्यांच्या ओळीत) येणं फार क्वचित घडतं. मात्र आधी एमडीएडीएमच्या (लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) 'एक्झामिन' आज्ञेत प्रत्येक डिस्कचे 'इव्हेंट्स', म्हणजे ॲरेतल्या बदलांचा चढता आकडा, बघायचे. एका डिस्कचा आकडा बराच मागे असेल तर ती कित्येक आठवड्यांपूर्वीच बाहेर पडलीय, आणि तिला जोर करून आत घेतलंत तर जुना-नवा डेटा एकमेकांत मिसळतो.

'क्रिएट'बद्दल मात्र मी जराही मागे हटणार नाही. 'अझ्यूम क्लीन' (डिस्कवरचा डेटा ठीक धर, असं सांगणारा पर्याय) न देता रेड ५ क्रिएट केला, की एमडीएडीएम शेवटची डिस्क रिकामी धरून तिच्यावर लगेच लिहायला घेतो. ते दिलं तरी डिस्कचा क्रम, चंक (एका डिस्कवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार) आणि डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा जिथून सुरू होतो ती जागा) मूळचेच हवेत. चंकचा डिफॉल्ट पूर्वी ६४ केबी होता, नंतर ५१२ केबी झाला. ऑफसेटही आवृत्तीगणिक बदललाय. जुन्या एनएएसच्या डिस्क नव्या लिनक्सवर आणून डिफॉल्टने क्रिएट केलंत, तर फाइलसिस्टिम सापडणारच नाही. तुमचं जमलं, कारण तुमचे आकडे जुळले. दुसऱ्या कोणी ते वाचून मूळ डिस्कवर करू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय. करून बघायचंच तर कॉपीवर, ओव्हरले (कॉपीला हात न लावता बदल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारा थर) लावून करा. चुकलं तर ओव्हरले पुसून पुन्हा सुरुवात करता येते.

तुमच्याकडचे सर्व्हर डेबियन लिनक्सवर असतील तर महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरेची तपासणी आपोआप लागते. ती कोणी बंद तर केलेली नाही ना, आणि शेवटच्या खेपेला 'मिसमॅच काउंट' (डेटा आणि पॅरिटी न जुळल्याचा आकडा) किती आला, तेवढं बघून इथेच कळवाल का?